हिरवं कडं

ट्यूब घशातून बरोबर खाली उतरली आणि त्या मुलानं हात सोडून दिला.

काचेच्या अलीकडे, कंट्रोल रूममध्ये बसलेल्या रुबीनाचा हात आपोआप पुढे झाला. भूलशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचा हात होता तो. पहिल्या दिवसापासून त्या हाताला एकच गोष्ट शिकवलेली: श्वासाची नळी घातली की ती ओठांपाशी धरून ठेवायची. तिच्या टोकाचा फुगा फुगेपर्यंत, टेपनं बांधून होईपर्यंत धरून ठेवायची. शेजारी आग लागली तरी. आणि हा इंटर्न नळी तशीच सोडून, पाठ वळवून, ट्रेमध्ये निवांत सिरिंज शोधत होता. घरात किल्ली शोधावी तसा.

टेबलावरचा माणूस रबरी होता, म्हणून काही बिघडलं नाही. ट्यूब जागची हलली नाही. मुलानं येऊन फुगा भरला, हवेची पिशवी जोडून दाबली, रबरी छाती दोन्ही बाजूंनी छान वर आली. कोपऱ्यात बसलेले परीक्षक यशवंतराव यांनी कागदावर खुणा केल्या आणि मान न उचलता म्हणाले, "पुढचा."

रुबीनानं समोरची यादी पाहिली. ही यादी परीक्षकांना दाखवायची नव्हती. मुलगा हेडसेटवाला होता. त्याच्या आधी ज्यानं हात सोडला होता, तोही हेडसेटवाला.

मोशी ओलांडून चाकणकडे निघालं की हे मेडिकल कॉलेज लागतं. चहूकडे कारखाने, त्यामुळे ऑपरेशन थिएटरला, म्हणजे ओटीला, प्रेसमध्ये सापडलेल्या हातांची आणि फोर्कलिफ्टखाली आलेल्या पायांची कधी वाण पडत नाही. वाण आहे ती रबरी माणसाची. एवढे इंटर्न आणि मॅनिकिन एक. रेशनच्या दुकानासारखी रांग. त्यावर श्रद्धा मॅडमनी तोड काढली. मॅडम म्हणजे रुबीनाच्या गाईड. त्यांनी माणच्या एका सॉफ्टवेअर कंपनीकडून व्हीआर हेडसेट मिळवले. डोक्यावर चढवायचा, दोन हातांत दोन रिमोट धरायचे, की समोर आख्खं थिएटर उभं राहतं. पेशंट निळा पडत जातो, तुम्ही ट्यूब घालायची. हवी तितक्या वेळा. रबर झिजत नाही आणि मागचा मुलगा घड्याळ बघत नाही.

रुबीनाचा थिसीस यावरच होता. निम्मे इंटर्न हेडसेटवर शिकवायचे, निम्मे नेहमीसारखे मॅनिकिनवर. परीक्षा मात्र सगळ्यांची मॅनिकिनवर. कोण कुठं शिकलंय हे परीक्षकाला कळू द्यायचं नाही. विषय सध्या इतका चलतीत आहे, की वाचायला घेतलं तेव्हा देशोदेशीच्या निबंधांचा ढीग तिच्यापुढे पडला. तो उपसताना तिला एक गंमत दिसली. पुष्कळ जण शेवटी मुलांनाच विचारून मोकळे झाले होते: आवडलं का? कॉन्फिडन्स वाढला का? पंगतीत वाढप्यानं विचारावं तसं. आणि पंगतीत बसलेला माणूस जे सांगतो तेच मुलांनी सांगितलं होतं. रुबीना मात्र विचारणार नव्हती, हात बघणार होती. यशवंतरावांना निवृत्तीतून उठवून आणलं ते त्यासाठीच. त्यांना हेडसेटचं प्रेम नव्हतं आणि रागही नव्हता. त्यांना फक्त चार वाजता चहा लागायचा.

थिसीस महिनाअखेर युनिव्हर्सिटीत पोचला नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. मग गेली बॅच पुढे. तिचे वडील अन्वर यांचं भोसरीत गॅरेज होतं. त्यांनी ट्रकच्या नंबरप्लेटी रंगवणाऱ्याकडून लेकीच्या नावाचा बोर्ड आधीच करून घेतला होता. त्यावर एम.डी. ही दोन अक्षरं नावापेक्षा मोठी. बोर्ड सध्या जुन्या टायरमागे उलटा उभा होता, आणि रोज कुठलं तरी गिऱ्हाईक तो सरळ करून वाचायचं.

हे झालं रुबीनाचं. मॅडमचं निराळं. हेडसेटवाले सरस ठरले तर त्यांना मॅनिकिनच्या रांगेत न थांबवता थेट ओटीत, जिवंत पेशंटवर घ्यायचं, हे मॅडमनी ठरवूनच टाकलं होतं. सोमवारपासून. पहिलं नाव करिष्मा नावाच्या इंटर्नचं. आणि पेशंटच्या डोक्याशी, तिच्या शेजारी उभं राहण्याची ड्युटी रुबीनाची होती.

आत्तापर्यंतच्या गुणांत हेडसेटवाले सरसच होते. वेग चांगला, क्रम चोख. गुणांचा तक्ता रुबीनानं एका नावाजलेल्या परदेशी निबंधातून घेतला होता. त्यात फुगा भरला का, छाती वर आली का, टेप लावली का, सगळं होतं. नळी धरून ठेवली का, हे नव्हतं. ते कोण लिहील? हे वाक्य वाचलंत तेव्हा श्वास घेतलात का, असं कोणी विचारतं का?

दिवस संपल्यावर ती मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

"मॅडम, हेडसेटची मुलं ट्यूब सोडतायत."

"म्हणजे?"

"आत गेली की हातच सोडतात. फुगा भरायच्या आधी. तक्त्यात एक ओळ वाढवू या का? 'नळी धरून ठेवली.'"

श्रद्धा मॅडमनी चष्मा काढला. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. वर्षानुवर्षं त्यांनी त्या रांगेतल्या मुलांचे कंटाळलेले चेहरे पाहिले होते, आणि त्यांना ती रांग खरोखरच मोडायची होती. शिवाय पुढच्या महिन्यात कॉन्फरन्सला त्यांचं भाषण होतं. दोन्ही गोष्टी एकाच बाईत सुखानं नांदत होत्या.

"परीक्षा सुरू झाल्यावर प्रश्नपत्रिका बदलायची?" त्या म्हणाल्या. "निकाल कुठं झुकतोय ते दिसल्यावर? एथिक्स कमिटीपुढे तूच सही केलीस ना, मधे काही बदलणार नाही म्हणून?"

"केली."

"उद्या हेडसेटवाले हरताना दिसले असते आणि मी म्हटलं असतं, रुबीना, एक ओळ वाढव, तर तू मला काय म्हणाली असतीस?"

याचं उत्तर मॅडमच्या बाजूचं होतं.

"ट्यूब पडली का कोणाची?"

"नाही."

"मग झालं तर. तुझं लक्ष महिनाअखेरीवर असू दे."

बाहेर येऊन तिनं मोईजला फोन लावला. मोईज हेडसेटच्या कंपनीत होता. मारुंजीत तिघांत एक खोली घेऊन राहायचा, आणि ज्या घशात दिवसभर ट्यूब जायची तो घसा त्यानंच बनवला होता.

"मोईजभाई, आत ट्यूब गेल्यावर काय होतं?"

"हिरवं कडं येतं ना मॅम. ओठांभोवती. आलं की ट्यूब लॉक. मग रिमोटची पकड सोडायची, सिरिंज उचलायची."

"लॉक का?"

"पहिल्या व्हर्जनला नव्हतं. ट्यूब निसटायची, पोरं वैतागायची. फीडबॅकमध्ये धू धू धुतलं आम्हाला. मग मी कडं टाकलं." तो खुशीत आला. "त्यानंतर सगळ्यांनी फुल स्टार दिलेत. का मॅम, काही बग आहे का?"

"बग नाही," रुबीना म्हणाली. "खरी ट्यूब निसटतेच. ते तुम्ही काढूनच टाकलंय."

"काय?"

"काही नाही. आत्ता कशाला हात लावू नका. अभ्यास चालू आहे."

कँटीनमध्ये करिष्मा तिच्यासमोर येऊन बसली. ही मुलगी लातूरकडची. वडील चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रेस मशीन चालवत, आई शिफ्टवाल्या कामगारांना जेवणाचे डबे करून द्यायची. हेडसेटवर तिच्यासारखा हात कोणाचा नव्हता.

"रुबीना मॅम, उद्या माझं आहे. काही सांगा ना."

"सांगता येत नाही गं."

"बाकीच्यांनी कुठं चुका केल्या तेवढं तरी."

"करिष्मा."

"बरं राहिलं." ती हसली. "सोमवारी तरी तुम्हीच असणार ना डोक्याशी? मग मला काय भ्याव. घरी सांगितलंय मी. आई म्हणाली, माणसाच्या तोंडात हात घालायच्या आधी पाया पड त्याच्या."

रुबीनानं चहा अर्धा ठेवला आणि उठली.

मॅनिकिन आवरायचं राहिलं होतं. शेवटच्या मुलाची ट्यूब अजून घशातच होती. टेप सोडवून, फुगा रिकामा करून तिनं ती ओढली, निघाली नाही. दुसऱ्या हातानं कपाळ दाबून जोर लावला तेव्हा रबरावर रबर घासल्याचा कर्कश आवाज होऊन ती बाहेर आली. सकाळी पहिल्या मुलाची ट्यूब तिनं दोन बोटांनी काढली होती, हे तिला आठवलं.

"ज्योतीराम, घसा ओला ठेवायचा स्प्रे कधी मारलास?"

लॅबचा ज्योतीराम खुर्च्या लावत होता. "सकाळीच मारलाय की. श्रद्धा मॅडम एकडाव काढून देत्यात, मंग कपाटाला कुलूप."

"दिवसातून एकदाच?"

"पयल्यापासून तसंच हाय. संपला की मागवायला लई कागद फिरतो म्हणत्यात."

यात लबाडी नव्हती. मॅडमच्या कपाटातून कापसाचा बोळाही कारण सांगितल्याशिवाय बाहेर पडत नसे, आणि म्हणूनच त्यांच्या विभागात कधी काही संपत नसे. बाकीचे विभाग त्यांच्याकडे उसनं मागायला येत. त्या काटकसरीचा एवढाच परिणाम झाला होता की सकाळचा पहिला मुलगा सोडला तर (आणि तो योगायोगानं रोज मॅनिकिनवालाच निघाला होता) सगळ्यांनी कोरड्या घशात ट्यूब घातली होती. कोरडं रबर ट्यूब धरून ठेवत होतं. मुलांनी सोडलेली ट्यूब मॅडमच्या कुलपानं धरून ठेवली होती.

माणसाचा घसा कोरडा नसतो. थुंकी असते, रक्त असतं.

रुबीनानं स्वतःचा प्रोटोकॉल उघडला. मॅनिकिनच्या माहितीपुस्तकातून तिनंच उतरवलेलं वाक्य जागेवर होतं: प्रत्येक उमेदवारापूर्वी घशात स्प्रे मारावा. सही तिची, सही मॅडमची, शिक्का कमिटीचा.

ती त्या वाक्याकडे बघत बसली. हिशेबात ती बापाची पोर होती, त्यामुळे बेरीज करायला वेळ लागला नाही. गप्प बसलं तर उद्या परीक्षा संपते, निकाल छान लागतो, थिसीस वेळेवर जातो, बोर्ड टायरमागून बाहेर येतो. स्प्रे मागितला तर एक ओळही बदलावी लागत नाही. फक्त लिहिलंय तसं वागायचं. पण मग आधीचे सगळे दिवस लिहिलंय तसे झाले नाहीत, हेही कागदावर आणावं लागतं. म्हणजे ते बाद. म्हणजे महिनाअखेर गेली. ही बेरीज तिनं परत परत करून पाहिली. उत्तर तेच येत होतं, आणि दर वेळी उत्तराखाली करिष्माची आई कुणाच्या तरी पाया पडत होती.

सकाळी मॅडमनी कपाट उघडून ज्योतीरामच्या हातात बाटली दिली. रुबीना तिथं उभी होती.

"मॅडम, आज बाटली खोलीतच राहू दे."

"का?"

"प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक उमेदवारापूर्वी लिहिलंय."

"तूच लिहिलंयस."

"हो. कालच वाचलं."

मॅडमनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. नाही म्हणायला जागा नव्हती; काल स्वतःच त्यांनी ती बुजवली होती. "बरं," त्या म्हणाल्या. "मीही बसते आज काचेमागे."

दिवसाचं पहिलं नाव गणराजचं होतं, मॅनिकिनवर शिकलेला. घाबरट मुलगा, क्रमात दोनदा अडखळला. ट्यूब ओली होऊन हातात मासळीसारखी सुळसुळत होती. त्यानं ती ओठांपाशी अशी आवळून धरली की बोटांची नखं पांढरी पडली. एका हातानं सिरिंज घेताना ट्रे पाडला, पण ट्यूब सोडली नाही. छाती वर आली.

"पुढचा," यशवंतराव म्हणाले.

ज्योतीराम आत जाऊन स्प्रे मारून आला. करिष्मा आली.

ती सुरेख काम करत होती. मास्क चेहऱ्यावर बसवून श्वास दिले, डाव्या हातानं जीभ उचलून घसा उघडला, ट्यूब एका दमात खाली. रक्तातला ऑक्सिजन सांगणाऱ्या मॉनिटरचा आवाज उंच, नियमित. मॅडम किंचित पुढे झुकल्या. चांगला विद्यार्थी बघताना शिक्षकाचं तोंड जसं होतं तसं त्यांचं झालं होतं.

करिष्मानं हात सोडला.

रुबीनासमोर टेबलावर माइकचं बटण होतं. ते दाबलं की खोलीत आवाज जायचा. एक शब्द पुरला असता. तिचं बोट बटणावर गेलं.

"बोलू नकोस," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या.

करिष्मा ट्रेकडे वळली. तिच्या पाठीमागे ट्यूब हलली. आधी वाटलं भास झाला. मग ट्यूबची वळलेली मान सावकाश वर आली, थांबली, आणि स्वतःच्याच वजनानं घसरत गालावर येऊन टेकली. टोक ओठांच्या आत राहिलं, म्हणून वरवर बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसलं असतं.

करिष्मानं न बघताच फुगा भरला. तिच्या जगात ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी असायची. तिनं पिशवी जोडून दाबली. हवा तोंडातून फुस्स करून बाहेर आली. छाती सपाट. तिनं परत दाबली. मॉनिटरचा आवाज एक पट्टी खाली आला, मग आणखी एक. ओटीत हा उतरता आवाज ऐकला की सर्जनचाही हात थांबतो. करिष्मानं मॉनिटरकडे पाहिलं, छातीकडे पाहिलं, मग पेशंटच्या ओठांभोवती तिची नजर काहीतरी शोधू लागली. ट्यूब नव्हे. ट्यूब समोरच होती. ती हिरवं कडं शोधत होती.

"बघ ना," रुबीना पुटपुटली. बटणावरचं बोट तिनं दुसऱ्या हातानं उचललं.

करिष्मा पिशवी दाबत राहिली, जोरात, आणखी जोरात. आवाज खोल जात जात शेवटी एकसुरी झाला. मग तिनं हात थांबवले.

यशवंतरावांनी या वेळी मान उचलली. बराच वेळ त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं, मग कागदावर लिहिलं. "पुढचा," ते म्हणाले, पण रोजच्यासारखं नाही.

त्यानंतरचे दोन हेडसेटवाले तसेच गेले. एकाला निसटताना दिसली, त्यानं ती घाईनं परत आत ढकलली. ती अन्ननलिकेत गेली आणि पोट फुगलं. मॅनिकिनवाल्यांतल्या एकीचा क्रम पार चुकला, पण ट्यूब तिनं सोडली नाही. तक्त्यात एकही ओळ वाढवावी लागली नाही. 'छाती वर आली का' एवढी ओळ पुरली.

चहाच्या वेळेला यशवंतराव कंट्रोल रूममध्ये आले. "श्रद्धा, कोण कुठं शिकलंय मला सांगू नका."

"नाही सांगत सर."

"सांगायची गरजही राहिली नाही म्हणा. हात सोडणारे सगळे एका घरचे आहेत. आधीच्या दिवसांतही सोडत होते. मला वाटलं, हल्लीची फॅशन." ते खुर्चीत बसले. "आता मला ओळखू येतात ते. म्हणजे मी आंधळा परीक्षक राहिलो नाही. माझा चहा झाला की मला रिटायर करा परत."

ते गेल्यावर मॅडमनी दार लावलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"त्या मुलीला पाडायला मागितलीस बाटली?"

रुबीनाचा चेहरा उतरला. हे तिनं बेरजेत धरलं नव्हतं. "सोमवारी ओटीत माझ्याच शेजारी पडली असती, मॅडम. तिथं खाली रबर नसतं."

"मला सरळ येऊन सांगायचंस."

"सांगितलं होतं."

मॅडम काचेकडे बघत राहिल्या. पलीकडे ज्योतीराम रबरी तोंड पुसत होता. "आधीचे दिवस बाद," त्या शेवटी म्हणाल्या, रुबीनाला नव्हे, काचेला. "परीक्षक बाद. मुलं नव्यानं घ्यावी लागतील, तीही पुढच्या बॅचची. तुला कळतंय ना याचा अर्थ? तू बसत नाहीस यंदा."

"कळतंय."

"मीच कपाट बंद ठेवलं, हेही लिहावं लागेल."

"लिहावं लागेल."

"कमिटीत हसतील." त्यांनी ओटीचा नंबर फिरवला. "सिस्टर, सोमवारच्या यादीतून इंटर्नची नावं काढा. सगळी. कारण? कारण मी येऊन सांगते." फोन ठेवून त्यांनी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली एक किल्ली नखानं सोडवली आणि टेबलावर सरकवली. त्या कपाटाची किल्ली त्यांनी आजवर कोणाला दिली नव्हती. बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तेव्हाही नाही, असं ज्योतीराम सांगायचा.

"ठेव तुझ्याकडे. आणि उधळू नकोस."

रुबीनानं जिन्यात उभं राहून घरी फोन केला. पलीकडे इंजिन धडधडत होतं.

"अब्बा, तो बोर्ड आहे ना..."

"आहे की. काल रंग थोडा उडाला होता, परत मारून घेतला."

"राहू दे टायरमागे. यंदा नाही होत."

इंजिन बंद झालं. "नापास झालीस?"

"नाही. परत करायचंय पहिल्यापासून. आमचंच चुकलं होतं."

"उघडून परत बसवायचं म्हण." ते म्हणाले. "बरं. जेवायला ये वेळेवर."

ती लॅबमध्ये परत आली तेव्हा करिष्मा आत होती. कोणी बोलावलं नव्हतं. डोळे लाल होते, पण हात कामात होते. तिनं स्वतःच स्प्रे मारला होता, जरा जास्तच. टेबलावर ओघळ आले होते. ट्यूब घातलेली होती आणि ती ओठांपाशी धरून ती नुसती उभी होती.

"मला सांगितलं का नाही मॅम?"

"सांगता येत नव्हतं."

"मला वाटलं तुम्ही माझ्या बाजूच्या आहात."

रुबीना टेबलाच्या पलीकडे, डोक्याशी जाऊन उभी राहिली. सोमवारी जिथं उभी राहणार होती, तिथं. ट्रेमधून तिनं सिरिंज उचलली, फुगा भरला, पिशवी जोडली. रबरी छाती वर आली, खाली गेली. टेप मात्र तिनं ट्रेमध्येच ठेवली.

"बोटांना मुंग्या आल्या," करिष्मा म्हणाली. "सोडू का?"

"बांधलीस?"

"नाही."

"मग?"

करिष्मानं ट्यूब धरून ठेवली.